उशीवरचा टॉवेल

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. नणंदेचा मुलगा पुण्याहून नागपूरला मित्राच्या लग्नाला आला होता, दोन रात्रींचा मुक्काम आमच्याकडे. हळदीवरून यायला त्याला उशीर होणार म्हणून मी हॉलमधल्या दिवाणावर आधीच अंथरूण घालून ठेवलं. धुतलेली चादर, इस्त्रीचा अभ्रा, उशाशी पाण्याचा तांब्या. पाहुण्याचं अंथरूण घालताना मला एक छुपा आनंद होतो. घरच्यांच्या चादरीवरच्या सुरकुत्या काढायला मी कधी एवढी वाकत नाही. तो आला, "मामी, तुम्ही जागू नका," म्हणाला, मी आत जाऊन झोपले. दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठले. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीच्या जाळीतून दिवाणावर पडला होता, आणि त्या उजेडात मला दिसलं, की त्यानं उशीवर स्वतःचा टॉवेल पसरलाय. नुसता टाकलेला नाही. चारी बाजूंनी उशीखाली दुमडून, अभ्र्याचं एक बोटही बाहेर दिसणार नाही असा बसवलेला. आणि त्यावर गाल टेकून पोरगं गाढ झोपलेलं.

मी पाणी न पिताच परत आले.

सकाळी त्यानं टॉवेल घडी करून बॅगेत टाकला, तर्री-पोहे दोनदा मागून घेतले, तर्रीनं नाक पुसत पुसत "पुण्यात हे मिळत नाही हो मामी" म्हणाला. दुसऱ्या रात्रीही तोच टॉवेल. तिसऱ्या दिवशी पाया पडून गेला. त्याच्या वागण्यात कुठं काही नव्हतं. म्हणजे मी शोधत होते, पण सापडलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर पेपर खाली न करता म्हणाला, "टाकला असेल टॉवेल. त्यात काय?" त्यात काय, हे मला नीट सांगता आलं असतं तर त्याला सांगायला गेलेच नसते. जेवायला बसलेल्या माणसानं आपण वाढलेलं ताट खिशातल्या रुमालानं पुसून घ्यावं, तसं काहीसं. बोलावं तर आपणच कोत्या मनाच्या ठरतो, न बोलावं तर खुपत राहतं. दुपारी घरात कुणी नसताना मी त्या उशीचा अभ्रा काढला.

अभ्रे मी दर रविवारी बदलते. सासूबाई होत्या तेव्हापासूनचा नेम आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा तोराही आहे. पण अभ्र्याखालची खोळ मी अशी भर दुपारी, खिडकीजवळ धरून कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. मूळचा गादीपाट पांढऱ्यावर निळ्या पट्ट्यांचा. पांढरं कुठं उरलं नव्हतं. मधोमध चहा सांडून वाळल्यासारखे डाग, एकाच्या कडेत दुसरा, दुसऱ्याच्या कडेत तिसरा, सर्वांत आतला जवळजवळ तपकिरी. कोपऱ्यात कुणाच्या तरी मेंदीची नारिंगी छटा. नाक जवळ नेलं तर शिळ्या खोबरेलाचा, किंचित आंबूस, बंद पेटीसारखा वास. ही उशी मी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली, म्हणजे घरातली त्यातल्या त्यात चांगली! शेवटची कधी धुतली होती हे आठवायचा प्रयत्न केला आणि लक्षात आलं, की आठवण्यासारखं काही नाहीच. ती कधी धुतलीच नव्हती.

मग उरलेल्या काढल्या. घरात माणसं दोन आणि उश्या अकरा निघाल्या. लग्नात आलेल्या कापसाच्या चार, पॉलिएस्टरच्या पाच, नवऱ्याची मान दुखायला लागल्यावर आणलेली फोमची एक, आणि लेकीच्या पाळण्यातली राईची इवलीशी, जिच्यातली राई आता पिठासारखी झाली असावी. सगळ्यांचे अभ्रे काढून त्या दिवाणावर मांडल्या, तर वरातीतल्या माणसांचे फेटे उतरवल्यावर जे दिसतं ते दिसलं.

आता मी काय केलं ते सांगते. सांगायला लाज वाटते, कारण मी कापसाच्या मुलखातली बाई आहे. ज्या शहरात १९७६ पासून कापसावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, ज्या शहराच्या चारी दिशांना दिवाळीनंतर पांढरी बोंडं फुटलेली असतात, त्या शहरात राहून मी कापसाची उशी वॉशिंग मशीनमध्ये टाकली. पाणी भरेपर्यंत सगळं ठीक होतं. पिळायची वेळ आली आणि मशीन धडाम धडाम करत बाथरूमच्या दारापर्यंत चालत आलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन केला. मी प्लग काढला आणि झाकण उघडलं. जी उशी आत जाताना सव्वा किलोची असेल नसेल, ती बाहेर काढायला मला दोन हात आणि एक गुडघा लागला. गॅलरीत दोरीवर घातली तर दोरी तुटली. शेवटी जुन्या खाटेवर आडवी टाकली, पाण्यातून काढलेल्या माणसासारखी, आणि तिच्यातून तासभर पिवळट पाणी ठिबकत राहिलं.

एप्रिलचा पहिला आठवडा. ऊन असं, की सकाळी अकराला गॅलरीची फरशी पायाला चटका देत होती. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळेल. संध्याकाळी वरून खडखडीतच होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी अभ्रा घालून ठेवून दिली आणि पाचव्या दिवशी कपाट उघडलं तर भपकन कुबट वास. दाबून पाहिलं, आत गार लागत होतं. बाहेरून वाळलेल्या थरानं आतली ओल कोंडून धरली होती, भाकरी वरून करपावी आणि आत पीठ राहावं तशी. कापसाचा तंतू पाण्याला हावरा. कितीतरी पट पाणी पितो, फुगतो, शेजारच्या तंतूला धरून बसतो, आणि वाळताना ती मिठी सोडत नाही. उसवून पाहिलं तेव्हा आत कापूस नव्हताच, गोळे होते. हातात घेतला तर शिळ्या पुरणाचा वाटावा असा एकेक.

धुणंभांडी करणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून ते बघत होत्या. त्या मूळच्या काटोलकडच्या. कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काहून धुतली वो ताई? कापसाची उशी कोणी धुते काय! खोळ धुवाची, कापूस उन्हात टाकाचा. मले विचाराचं होतं ना." मग जरा थांबून, "कोणी काही बोललं काय?" मी नाही म्हटलं. त्या काही न बोलता गोळे पिशवीत भरायला लागल्या, पण त्यांना काहीतरी कळलं होतं. बायकांना भांड्यांच्या आवाजावरून कळतं, तर धुण्यावरून का नाही कळणार.

खोळ धुवायची आणि कापूस उन्हात टाकायचा. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? महाल भागातल्या आमच्या माहेरच्या घरी दर उन्हाळ्यात हेच चालायचं. परीक्षा संपल्या की गच्ची दोन भागांत वाटली जायची. पूर्वेकडे जुनेराच्या लुगड्यांवर कुरवड्या, सरगुंडे, मूगवड्या, पश्चिमेकडे गाद्या-उश्या. दोन्हींच्या मध्ये चांगलं हातभर अंतर, कारण उश्या झोडपताना उडणारं कुरवड्यांवर आलं तर आजी आम्हालाच झोडपेल याची खात्री. आम्हा पोरांना दोन कामं होती. सकाळी कावळे हाकलायचे आणि दुपारी वाकून वाकून उश्या पालथ्या घालायच्या. तापलेली उशी उचलली की हाताला चटका बसायचा, आणि ती छातीशी धरून जिन्यातल्या गारव्यात आलं की कापूस आत हळूहळू फुगत असल्यासारखा बारीक करकर आवाज यायचा. तो आवाज खरंच यायचा की मी तो नंतर लावून घेतला, कोण जाणे.

त्या उश्यांना मालक होते. हल्लीच्यासारखं हाताला येईल ती घ्यायची असं नव्हतं. आजीनं प्रत्येक खोळीच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका घातलेला. बाबांचा लाल, आईचा हिरवा, काकांचा दुहेरी काळा. पण आम्हाला टाका बघायची गरज नव्हती. डोळे बांधून नुसत्या वासावरून उशी ओळखायचा खेळ आम्ही खेळायचो. आईच्या उशीला जास्वंदीचं तेल, काकांच्या उशीला आवळ्याचं, बाबांच्या उशीला तेल कमी आणि बाम जास्त. आजोबांची तर सगळ्यांत सोपी. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. टाटांची ती मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून 'एम्प्रेस', हे आजोबा आल्यागेल्याला सांगायचे, जणू दोन्ही समारंभांना ते हजर होते. पाळी संपवून घरी आले की भुवयांवर, कानाच्या केसांत, बंडीच्या शिवणीत कापसाची बारीक लव. आंघोळ करूनही थोडी राहायचीच. सकाळी त्यांच्या अभ्र्यावर ती दिसायची. आजी अभ्रा झटकत म्हणायची, "आत कापूस, बाहेर कापूस. मिलच घेऊन झोपते हा माणूस." त्या उशीला यंत्राच्या तेलाचा आणि सुताचा वास होता. मिलच्या जागी मॉल झाला, तेव्हा नवलाई म्हणून आम्ही गेलो होतो आणि मी आयुष्यातली पहिली पॉलिएस्टरची उशी तिथं विकत घेतली. पिशवी हातात घेऊन बाहेर पडताना आजोबांची आठवण झाली. पण अगदी पुसटशी. उशी छान हलकी होती.

आजीची स्वतःची उशी मात्र वेगळी. ती सावरीची. काटेसावर फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकून लाल फुलांनी भरते हे सगळ्यांना माहीत असतं, फोटो तेव्हाचेच निघतात. पण नंतर उन्हं तापली की तिची बोंडं तडकतात आणि आतला रेशमी कापूस वाऱ्यावर निघतो, तेव्हा तिच्याकडे कुणी बघत नाही. आजीच्या माहेरी, उमरेडच्या पुढं, बांधावर दोन झाडं होती. तिचा भाऊ दर वर्षी पिशवी भरून आणायचा. त्या कापसाचं सूत निघत नाही, तंतू फार गुळगुळीत. पिंजता येत नाही, धनुकलीखाली धरला तर अर्धा उडून जातो. आणि तो पाणी पीत नाही. तंतू आतून पोकळ, वर मेणासारखा थर, त्यामुळे पाण्यावर तरंगतो. सावरीच्या जातभाईचा असाच कापूस पूर्वी बोटींवरच्या लाइफ जॅकेटांत भरत. आजीला हे कशाला ठाऊक असेल? तिला एवढंच ठाऊक होतं, की सावरीची उशी डोक्याला गार लागते आणि घामानं बसत नाही. त्या उशीवर बसायला आम्हाला सक्त मनाई होती. उशीवर बसलं की गळू होतं, हे कारण. खरं कारण बहुधा हे, की त्यातला कापूस एकदा चेपला की पुन्हा फुगवायला कुठला पिंजारीही कामाचा नव्हता.

आमच्या गल्लीत पिंजारी यायचा. खांद्यावर माणसापेक्षा लांब धनुकली, आणि तो हाळी द्यायचा नाही, चालता चालता नुसती तात छेडायचा. टँऽऽव. दुपारच्या सामसूम गल्लीत तो आवाज भिंतीभिंतीला लागत यायचा. आता मी गोळ्यांची पिशवी आणि उरलेल्या तीन कापसाच्या उश्या घेऊन गांधीबागेच्या पलीकडे एका गल्लीतल्या गादीवाल्याकडे गेले. चाचा सत्तरीचे असतील. पिशवीत हात घालून त्यांनी एक गोळा काढला, दोन बोटांत चुरला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "मशीन में डाले थे क्या ताई?" दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी हो म्हणाले. ते म्हणाले, "सब डालते आजकल." हे त्यांनी मला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं हे उघड होतं, आणि त्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन.

कापूस आता यंत्रावर पिंजतात. लोखंडी दात्यांचा एक ड्रम फिरतो, इकडून गोळे जातात, तिकडून साय येते. चाचांच्या मुलानं तोंडाला फडकं बांधून तो चालू केला आणि पाच मिनिटांत त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. मी बघत राहिले. अगदी आजोबांच्या भुवया. चाचा सांगत होते, जुना कापूस दर वेळी पिंजताना थोडा तुटतो, आखूड होतो, म्हणून त्यात थोडा नवा घालावा लागतो, दह्याला विरजण लावल्यासारखा. माझ्या गोळ्यांतला निम्मा फुकट गेला होता. जुन्या उश्या उसवताना आतून काळ्या सरक्या निघाल्या, एक केसाची पिन निघाली, आणि एक छोटं गुलाबी बटण. पिन सासूबाईंची. बटण कुणाचं ते अजून समजलं नाही. भिंतीवर खिळ्याला जुनी धनुकली टांगलेली होती, धूळ खाल्लेली. "बजती है क्या?" मी विचारलं. त्यांनी खुर्चीवरून न उठता हात लांबवून तातेला नखानं टिचकी मारली. आवाज आला, पण यंत्राच्या घरघरीत नीट ऐकू आला नाही.

खोळी मी घरी धुतल्या, आणि त्यातही सुरुवात चुकीचीच. डाग बघून आधी ब्लीच ओतलं. घामाचा डाग ब्लीचनं जात नाही, उलट आणखी पिवळा पडतो. पाच मिनिटांत पट्ट्यांचा निळा फिका आणि डाग ठसठशीत. मग बंगळूरच्या लेकीला फोन. ती म्हणाली, "आई, परकार्बोनेटची पावडर मिळते, कोमट पाण्यात टाक, रात्रभर भिजव. आणि ब्लीच धुऊन टाक आधी, दोन्ही एकत्र नको करूस." शिवाय मावशींनी मुठभर धुण्याचा सोडा टाकला, मला न विचारता. सकाळी बादलीतलं पाणी काळ्या चहासारखं झालेलं. मी ते पाणी ओतलं नाही, आधी नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो खरंच बघत राहिला. मग म्हणाला, "हे आपण आहोत होय." आणि ब्रश करायला गेला. कधी कधी हा माणूस असं एखादंच वाक्य बोलतो आणि दिवसभर माझ्या डोक्यात ठेवून जातो.

पॉलिएस्टरच्या उश्यांनी फारसा त्रास दिला नाही. त्या मशीनमध्ये जातात, पण एकटी टाकायची नाही, दोन समोरासमोर टाकायच्या, म्हणजे मशीन फिरायला निघत नाही. पावडरीपेक्षा पातळ साबण, तोही एक चमचा, कारण आतला फेस दोनदा खळबळल्याशिवाय निघत नाही. पिळायच्या नाहीत, दाबायच्या. आणि वाळताना दर तासाला हातांनी फोडून, झटकून उलट्या करायच्या. वाळली की नाही हे वरून ठरवायचं नाही. मधोमध मूठ खुपसायची, आत जरा जरी गार लागलं तरी परत उन्हात. हे शेवटचं मी कुणाकडून शिकले नाही, कपाटातल्या कुबट वासाकडून शिकले. पाचांपैकी दोन मी टाकून दिल्या. उशी दुमडून सोडली आणि ती तशीच दुमडलेली पडून राहिली, तर तिच्यात जीव नाही असं लेकीनं सांगितलं होतं. मॉलमधली ती पहिली उशी दुमडलेलीच पडून राहिली. नवऱ्याच्या फोमला पाणीही चालत नाही आणि कडक ऊनही नाही, ओला झाला की फाटतो, तापला की भुगा होतो. तिला पंख्याखाली सावलीत टेकवून ठेवतात. नागपुरात राहून ज्या वस्तूला ऊन चालत नाही तिचं काय करायचं, हा प्रश्न मी नवऱ्यावर सोपवला आहे.

कारण ऊन हीच तर आमच्याकडे फुकट आणि भरपूर मिळणारी चीज. २०१३च्या मेमध्ये इथं ४७.९ अंश झालं होतं. २०२४च्या मेअखेरीला तर शहरातल्या एका यंत्रानं ५६ दाखवलं, दिवसभर सगळ्यांच्या मोबाइलवर तेच. मग यंत्रच बिघडल्याचं निघालं आणि खरं सांगते, थोडी निराशा झाली. या उन्हात उशीतले किडे मरतात असं आपण म्हणतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या अंगावरून गळणारी कातडी खातात, आणि त्यांना पाणी प्यावं लागत नाही, हवेतली ओल पुरते. म्हणजे आमचा कोरडा उन्हाळा त्यांचा शत्रू. पण आम्ही काय करतो? बाहेर पाचोळा वाजतोय आणि आम्ही खिडकीत कूलर लावून, रात्रभर खसातून ओला वारा थेट उशाशी सोडतो. सकाळी अभ्रा हाताला दमट लागतो. इतक्या प्रेमानं तर मी पाहुण्यांचीही सोय करत नसेन. म्हणून नवतप्यात, मेच्या शेवटच्या आठवड्यात, मी सगळ्या कापसाच्या उश्या सोसायटीच्या गच्चीवर नेल्या. नवा गादीपाट, या वेळी जांभळ्या पट्ट्यांचा, दाभणानं घातलेले चाचांचे ठळक टाके. गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं. पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत दोन कबुतरं चोची उघडून बसली होती. मी डोक्यावर ओढणी घेऊन दर अर्ध्या तासानं वर जात होते आणि वाकून वाकून उश्या पालथ्या घालत होते, आणि तिथंच, चटका बसलेला हात झटकताना, मला आईचा पंचा आठवला.

आई कुठंही मुक्कामाला गेली की तिच्या पिशवीत एक धुवट पंचा असायचाच. रात्री झोपताना तो उशीवर पसरायचा, कडा खाली खोचायच्या, मग डोकं टेकायचं. तिचं डोकं कायम तेलानं निथळत असायचं. "दुसऱ्याच्या अभ्र्याला आपल्या तेलाचा डाग कशाला?" ती म्हणायची. मी ते शेकडो वेळा पाहिलंय. मी तिच्या शेजारीच तर झोपायचे. अमरावतीला आत्याकडे, वर्ध्याला मामाकडे, लग्नघरी. आणि आत्याकडचं एक वाक्य, जे तेव्हा मला नीट लागलंच नव्हतं. मी दहा-अकरा वर्षांची असेन, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. आत्या शेजारणीला सांगत होती, "वहिनींचं सगळं वेगळंच. आमच्या उश्या नाही चालत त्यांना." ती हसत सांगत होती. मी आत जाऊन आईला हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते माहीत नाही, पण म्हणजे कुठंतरी लागलं असावं. आईला मरेपर्यंत कळलं नाही, की तिच्या पंच्यानं अमरावतीत काय केलं होतं. आणि आत्याला कधी कळलं नाही, की त्या पंच्याखाली काय जपलं जात होतं.

भाच्यानं त्या रात्री डोक्याला तेल लावलं होतं का? मी किती आठवून पाहिलं. हळदीच्या कार्यक्रमात तेल लावतातच. मित्रांनी थापलंही असेल. कपाळावर हळदीची पिवळी रेघ होती, ती मी पाहिली होती. पण दुसऱ्या रात्रीचं काय? नणंदेला फोनवर सहज म्हणून विचारावं असं चारदा मनात आलं. 'काय गं, याला उशीवर टॉवेल टाकायची सवय आहे का?' वाक्य तोंडात फिरवून पाहिलं. कितीही सहज म्हटलं तरी ते सहज वाटेना.

मृग लागायच्या दोन दिवस आधी तो पुन्हा आला. या वेळी ऑफिसच्या कामासाठी, एकाच रात्रीचा मुक्काम. मी तीच चादर घातली, नवा पिंजलेला कापूस, नवी खोळ, नवा अभ्रा. उशी उंच आणि टणटणीत, मधोमध जरा फुगीर, दिवाणावर ठेवली तर लग्नातल्या लोडासारखी दिसत होती. मग कपाटातून एक मऊ, बरेचदा धुतलेला टॉवेल काढला, घडी करून उशीवर ठेवला. परत उचलला. ठेवला तर मी काहीतरी म्हटल्यासारखं होईल. शेवटी तो खुर्चीच्या पाठीवर टाकला, कुणीही घ्यावा किंवा न घ्यावा असा, आणि झोपायला गेले. रात्री तहान लागली. कूलरची घरघर चालू होती, हॉलमध्ये खसाचा वास भरला होता. मी दिवाणाकडे न बघता स्वयंपाकघरात गेले, न बघता परत आले. पाणी मात्र प्यायले.

सकाळी उठून बाहेर आले तर तो दिवाणावर बसून मान चोळत होता. उशी खुर्चीवर होती, नीट उभी करून ठेवलेली. आणि खुर्चीवरचा माझा टॉवेल चार घड्या करून दिवाणावर, डोकं होतं त्या जागी.

"मामी, रागावू नका हं," तो म्हणाला, "पण उशी फार उंच आहे हो. मान धरली."

"नव्यानं पिंजलीय ना," मी म्हटलं. "बसेल महिन्याभरात. पोहे टाकू का?"